काळी वायर काळीला लागून

१९९७च्या मे महिन्यात मी मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालो, पहाटे दादरला उतरलो आणि लोकलने ग्रँट रोड गाठलं. खिशात वहीचं एक पान होतं आणि त्यावर यादी: पेंटियम १६६ एमएमएक्स, १६ एमबी रॅम, २.१ जीबी हार्डडिस्क, १४ इंची मॉनिटर. दिवसभर लॅमिंग्टन रोडवरची दुकानं पालथी घातली. संध्याकाळी शेवटच्या दुकानातून निघताना काउंटरमागे बोर्ड तपासत बसलेल्या एका वयस्कर कारागिराने मला थांबवलं. "एसएमपीएसचे दोन कनेक्टर बोर्डाला लावशील ना, तेव्हा काळी वायर काळीला लागून आली पाहिजे. उलटं झालं तर बोर्ड गेला समज." त्याने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मगच खोकं बांधायला सुतळी दिली.

त्या काळी मदरबोर्डाला वीज मिळायची ती एसएमपीएस या वीज पुरवणाऱ्या डब्यातून निघणाऱ्या पी-८ आणि पी-९ या सहा-सहा पिनांच्या दोन कनेक्टरांतून. दोन्ही दिसायला जुळी भावंडं, आणि एकाच्या जागी दुसरा सहज बसायचा. तसं झालं तर जिथे शून्य व्होल्ट हवेत तिथे वीज शिरायची. घरी आल्यावर मी कॉटवर धुतलेली चादर पसरली आणि सगळे भाग मांडले. आधी बोर्डावरचे जंपर लावले: बस ६६ मेगाहर्ट्झ, गुणक अडीच, प्रोसेसरचं व्होल्टेज २.८. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी प्लास्टिकची टोपी चुकीच्या पिनांवर बसली, तर माझ्या काही महिन्यांच्या बचतीचा कोळसा होणार होता. मग रिबन केबल, तिची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे. शेवटी एसएमपीएस. काळी काळीला लागून, असं मोठ्याने म्हणत मी कनेक्टर दाबले आणि बटण लावलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर चढत गेले आणि १६३८४वर येऊन थांबले. सोळा एमबी रॅम, एकही किलोबाइट कमी नाही. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, झालं का रे. मला उत्तर देता येईना, इतका गळा दाटून आला होता.

या पुस्तकात काळ्या वायरीचा नियम कुठेच सापडणार नाही. त्याची आता गरज उरलेली नाही. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं मानक आणलं होतं; ते पसरत गेलं तसा दोन कनेक्टरांच्या जागी एकच कनेक्टर आला. त्यातल्या काही पिनांची घरं चौकोनी, काहींची कोपरे कापलेली, बाजूला एक खटका. तो उलटा बसतच नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या कारागिराने तोंडी दिलेली ताकीद पुढे प्लास्टिकच्या आकारात उतरली. गेली पंचवीस-तीस वर्षं मी संगणक जोडतो आहे आणि जोडायला शिकवतो आहे. या कामाचा सगळा इतिहास मला असाच दिसतो: कुणीतरी चुकतो, चूक तोंडोतोंडी सांगितली जाते, आणि पुढे कधीतरी ती चूक करताच येऊ नये असा आकार कुणीतरी घडवतो. ज्या ताकिदींना अजून आकार मिळालेला नाही, त्या सांगायला पुस्तक लागतं. मराठीत असं पुस्तक हवं होतं, आणि ते माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी लिहावं याचा मला फार आनंद आहे.

मुळात घरी बसून संगणक जोडता येतो, ही गोष्ट आपण फार गृहीत धरतो. आपण आपला फ्रिज जोडत नाही, दूरदर्शन संच जोडत नाही, मोबाइल तर नाहीच नाही. संगणकाच्या बाबतीत हे शक्य झालं ते १९८१ साली घेतलेल्या एका निर्णयामुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या एका लहान गटाने तो सुमारे वर्षभरात उभा केला होता. इतक्या घाईत सगळं स्वतः घडवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, प्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे. ही कंपनी भारतात जन्मलेल्या जुगी टंडन यांनी कॅलिफोर्नियात काढलेली. बोर्डावर पाच रिकामे स्लॉट ठेवले आणि त्यांत दुसऱ्यांनीही कार्ड बनवून लावावीत म्हणून सर्किटचे आराखडे छापलेला तांत्रिक ग्रंथच विकायला ठेवला. यंत्र सुरू करणारा बायोस हा प्रोग्रॅमसुद्धा त्यात छापलेला होता. तो वाचायला कुणालाही मोकळीक होती, नक्कल करायला मात्र कायद्याने बंदी. ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने तो न उतरवता, तसंच काम करणारा स्वतःचा प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहून घेतला आणि १९८३मध्ये आपला संगणक बाजारात आणला. पुढच्याच वर्षी फिनिक्स या कंपनीने तसा बायोस कुणालाही विकायला सुरुवात केली. मग तैवानमध्ये बोर्ड बनू लागले, आणि काही वर्षांतच ते लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर आले.

त्या रिकाम्या स्लॉटांचं आपल्यावर आणखी एक ऋण आहे आणि त्याची आठवण मराठी पुस्तकात तरी व्हायला हवी. डॉसच्या काळात संगणकाला देवनागरी येत नव्हती. पडद्यावर अक्षर उमटवणारी चिपच रोमन लिपीची होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड तयार झालं. हे कार्ड संगणकाच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवलं, की तोच डीबेस, तेच रोजचे प्रोग्रॅम देवनागरीत चालायचे. ज्याने तो संगणक घडवला त्याच्या मनात मराठी नव्हती. पण त्याने जागा मोकळी सोडली होती, म्हणून आपल्याला तिथे आपली लिपी बसवता आली. मी पहिल्यांदा हिरव्या पडद्यावर 'श्री' उमटलेलं पाहिलं ते एका सहकारी बँकेत, असं कार्ड बसवलेल्या यंत्रावर. स्लॉट या शब्दाकडे तेव्हापासून मी आदराने पाहतो.

आज हाताचं काम खूप सोपं झालं आहे आणि डोक्याचं तितकंच वाढलं आहे. पूर्वी यादी चार ओळींची असायची. आता प्रोसेसर निवडला की त्याचा सॉकेट ठरतो, सॉकेटवरून बोर्ड, बोर्डावरून रॅम डीडीआर-४ की डीडीआर-५, आणि एवढं जुळूनही बोर्डातला बायोस जुना असेल तर नवा प्रोसेसर तो ओळखत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते; वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही तर पडदा काळाच राहणार. एका अक्षराची ही किंमत माहीत नसल्याने दुकानाच्या चकरा मारणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. लेखकांनी या जुळणीला तीन प्रकरणं दिली आहेत आणि ती घाईने वाचण्यासारखी नाहीत.

माझ्या मते या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण मात्र एसएमपीएसचं आहे. आपल्याकडे कोटेशन घेताना माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या नावांवर अर्धा तास घालवतो, आणि एसएमपीएसच्या रकान्यात '४५० वॉट' एवढं वाचून पुढे जातो. कधी कधी तर तो कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असतो. त्याच्या पत्र्यावर छापलेले वॉट तो प्रत्यक्षात पेलेल याची कसलीही खात्री नसते. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज चढलं, वीज जास्त खेचली गेली, कुठे शॉर्ट झालं, तर स्वतःला बंद करून घेणारं सर्किट असतं. स्वस्त डबा जाताना बोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो. तीन दिवसांच्या अंतराने दोन हार्डडिस्क जळालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या एकीवर एका कुटुंबाचे दहा वर्षांचे फोटो होते. चांगला एसएमपीएस पाच-सात वर्षांच्या वॉरंटीसह मिळतो आणि प्रोसेसर दोनदा बदलला तरी तोच चालतो. पैसे कमी पडत असतील तर बाकी कुठेही कात्री लावा.

त्याच प्रकरणात अर्थिंगविषयी जी चार पानं आहेत, ती घराघरांत वाचली जावीत. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव आपल्याकडे इतका सर्रास आहे की लोकांना तो संगणकाचा स्वभाव वाटतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यांतून झिरपणारी वीज अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जावी अशी योजना असते. भिंतीवरच्या स्विचबोर्डातल्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबलेला असेल, तर ती वीज पत्र्यावरच थांबते. मग पुढे कधी आत काही बिघडलं, तर तोच पत्रा जीवघेणा ठरू शकतो. प्रोसेसर हातात घेण्याआधी भिंतीतलं अर्थिंग तपासायला वायरमन बोलवा, असं सांगणारं पुस्तक मला प्रामाणिक वाटतं.

हवामानाची बाबही अशीच आहे. परदेशी चाचण्यांमधले तपमानाचे आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. पंखा कितीही मोठा असो, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तिथे ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात चंद्रपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत ८५च्या आसपास जाणार, हे बेरजेचं गणित आहे. म्हणून पुढून काचेने बंद केलेली देखणी कॅबिनेट आपल्याकडे टाळावीत आणि जाळीच्या तोंडाची, धुता येणारी गाळणी असलेली घ्यावीत. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या काढून फेकू नयेत. उबेला आलेली पाल एसएमपीएसमध्ये शिरून शॉर्ट झालेली यंत्रं दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात.

बाजाराचे चढउतार हे आणखी एक संकट. २०११च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले आणि आपल्याकडे हार्डडिस्कचे भाव काही आठवड्यांत कडाडले. २०२१मध्ये आभासी चलनाच्या हव्यासापायी ग्राफिक्स कार्ड सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅम महागली. त्या डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जोडणाऱ्याने थांबायलाही शिकावं लागतं.

आता एक प्रसंग सांगतो, कारण पुस्तकातल्या 'डिस्प्ले येत नाही' या प्रकरणाचं मोल त्याशिवाय कळणार नाही. माझी पुतणी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिने स्वतःचा संगणक जोडला. मी हात लावायचा नाही, अशी तिची अट होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती बसली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण तिने सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि तो अलगद ठेवला. सॉकेटमध्ये १७१८ पिना, प्रत्येक केसाएवढी. एक वाकली तर बोर्ड गेला, हे तिला माहीत होतं. पट्टी खाली दाबताना कर्रकन आवाज झाला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तो आवाज यायचाच असतो. थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका, कूलरच्या तळाचा पारदर्शक कागद काढणं, चारही स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळणं, सगळं तिने पुस्तकाबरहुकूम केलं. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, टक असा आवाज दोन्हीकडून ऐकू येईपर्यंत. साडेतीन तासांनी बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

"काका, डिस्प्ले येत नाहीये."

एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. तिचा चेहरा उतरला. रॅम काढून खोडरबराने घासायची, हा आपल्याकडचा पिढीजात उपाय तिलाही ठाऊक होता, आणि हात बटणाकडे गेला होता. मी म्हटलं, "थांब. बोर्डावर कुठला दिवा लागलाय, बघ." डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा लागलेला होता. "मॅन्युअलमध्ये त्याच्याबद्दल काय लिहिलंय?" तिने पान शोधलं. डीडीआर-५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी वेळेचं गणित जुळवत बसतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, तोवर पडदा काळा राहतो आणि वीज बंद करायची नसते. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. घड्याळात चौथं मिनिट संपता संपता दिवा विझला आणि पडद्यावर बोर्डाचं नाव आलं. तिने काही न बोलता माझा हात घट्ट धरला. १९९७मध्ये त्या काळ्या पडद्यासमोर माझं काय झालं होतं, ते मला तेव्हा तिच्या हातातून परत कळलं.

एका मुद्द्यावर माझं लेखकांशी जमत नाही आणि प्रस्तावनेत ते लपवणं बरं नाही. पहिल्या प्रकरणात त्यांनी जोडलेला संगणक स्वस्त पडतो, यावर भर दिला आहे. नव्वदच्या दशकात ते निखालस खरं होतं. आज खेळ, चित्रफितींचं संपादन, थ्रीडी आराखडे अशा जड कामाच्या यंत्रात फरक पडतो. पण पत्रव्यवहार आणि हिशेबापुरता संगणक हवा असेल तर कंपनीचा तयार डबा तितक्याच पैशात येतो, त्यात विंडोजचा परवाना असतो आणि बिघडला तर एकच फोन करावा लागतो. जोडलेल्या यंत्रात प्रोसेसरची वॉरंटी एकाकडे, बोर्डाची दुसऱ्याकडे, डिस्कची तिसऱ्याकडे. बिलं जपून ठेवावी लागतात आणि दोष नेमका कोणत्या भागात आहे हे आधी आपल्याला शोधावं लागतं. ज्याला एवढा वेळ नाही, त्याने तयार यंत्र घ्यावं. त्यात कसलाही कमीपणा नाही.

स्वतः जोडण्याचा खरा लाभ पाच वर्षांनी दिसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, म्हणून चालती यंत्रं टाकून द्यायला लोक निघाले. ज्यांनी आपला संगणक स्वतः जोडला होता, ते मॅन्युअल उघडून बसले. काहींच्या बोर्डात ती सोय होतीच, फक्त बायोसमध्ये बंद होती. काहींनी बोर्ड आणि प्रोसेसर बदलून कॅबिनेट, एसएमपीएस, डिस्क तशीच ठेवली. काहींनी लिनक्स घातलं. माझ्या पहिल्या एटीएक्स कॅबिनेटचा पत्रा आता गंजायला लागला आहे, पण बोर्ड बसवायची भोकं आजच्या नव्या बोर्डाला तंतोतंत जुळतात, कारण १९९५चा करार कुणी मोडलेला नाही. आपल्या घरात अशी दुसरी विजेची वस्तू मला दाखवा.

मुलामुलींनी हे काम करावं असं मला वाटतं, त्याचं कारणही हीच मॅन्युअल उघडून शोधायची सवय. आठवी-नववीतल्या मुलाने एकदा रॅम स्वतःच्या हाताने काढून परत लावली, की 'संगणक हँग झाला' या वाक्यात त्याचं समाधान होत नाही. कुठला भाग, कधीपासून, काय बदललं होतं, असे प्रश्न तो विचारू लागतो. माझ्याकडे शिकून गेलेल्यांपैकी संगणकाच्या धंद्यात थोडेच राहिले. एक द्राक्षबागेचं ठिबक स्वतः दुरुस्त करतो, एक मुलगी रुग्णालयातली यंत्रं सांभाळते. दोघंही म्हणतात, भीती पहिल्यांदा गेली ती कॅबिनेट उघडताना.

पुस्तकाच्या भाषेबद्दल एवढंच सांगतो, की स्लॉट, सॉकेट, पिन, केबल हे शब्द लेखकांनी दुकानात बोलतात तसेच ठेवले आहेत. ओढूनताणून प्रतिशब्द घडवले असते तर वाचक दुकानात जाऊन मुका झाला असता.

वाचकांना माझी विनंती अशी. नवे भाग मागवण्याआधी माळ्यावर पडलेला जुना संगणक खाली काढा. प्लग भिंतीतून उपसा, बटण एकदा दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो घेत सगळं सुटं करा, ब्रशने धूळ काढा आणि पुन्हा जोडा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका; प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये माणसाला इजा करण्याएवढी वीज बराच वेळ राहते. या ताकिदीला अजून आकार मिळालेला नाही, म्हणून ती तोंडाने सांगतो आहे. तुम्हीही पुढच्याला सांगा.